परवापासून दुखतंय

हे लिहायला बसले आणि पहिल्या दहा मिनिटांत तीन वेळा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायला आणि एकदा काहीही कारण नसताना. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. अशा बाईच्या घरात "काही करू नका, नुसतं थांबा" हे औषध म्हणून लिहून मिळालं. त्या औषधाचे आठ महिने कसे गेले ते सांगायचंय.

आजार माझा नव्हता, माझ्या मुलीचा होता. मैत्रेयी, घरात मैतू, तेव्हा चौदा वर्षांची. ती क्रिकेट खेळते, वेगवान बोलिंग करते. उजव्या हाताने बॉल टाकून टाकून तिच्या कमरेच्या मणक्याला बारीक चीर गेली. पडली नाही, आपटली नाही, कुणी मारलं नाही. रोज थोडा थोडा ताण पडत गेला आणि हाड थकलं.

ज्यांची मुलं खेळतात आणि जे रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली सांभाळत बसतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. यात डॉक्टरकी शोधू नका. माझ्याकडे फक्त माझ्या चुका आहेत, त्या मात्र भरपूर आहेत.

कमरेत चमकलं

डिसेंबरचा पहिला आठवडा. मैतू शाळेतून आली आणि बूट काढायला वाकलीच नाही. एका पायाने दुसऱ्या पायातला बूट ढकलून काढला. मी लॅपटॉपवरून मान वर करून म्हटलं, "हे काय नवीन?"

"कमरेत चमकतंय गं. परवा बोलिंग करताना चमकलं, तेव्हापासून."

तो बुधवार होता. परवा म्हणजे सोमवार. सोमवारी नेटमध्ये जमीन ओली होती, मीच तिला आणायला गेले होते तेव्हा बघितलं होतं. पाय घसरला असेल, स्नायू आखडला असेल. माझ्या डोक्यात दोन मिनिटांत सगळं जुळलं. बाम, गरम पाण्याची पिशवी, चार दिवस सुट्टी. पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या निवडीचा सामना दहा दिवसांवर होता, तोवर होईल बरं.

मी नोकरीत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या कामातली चूक हुडकणं हेच काम, आणि त्यात मी चांगली आहे. ऑफिसात कुणी मला "परवापासून बंद आहे" असं सांगितलं, तर मी तारीख, वेळ, कुणी बघितलं, आधी काय बदललं होतं, सगळं विचारते. मैतूला मी काही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, आता बरंय. सामन्याच्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं तर म्हणाली, "बरंय म्हटलं ना आई." सहाव्या ओव्हरचा तिसरा बॉल टाकला आणि ती तिथेच उकिडवी बसली. हात बुटाशी. मला वाटलं लेस सुटली. मी कडेवरून ओरडले, "मैतू, लेस नंतर बांध, अंपायर बघतायत!"

ती उठली आणि उरलेले तीन बॉल टाकले. सामना संपल्यावर तिला स्कूटरवर मागे बसता येईना. पाय वर उचलला की ओठ दाबायची. तेव्हा मला कळलं की लेस वगैरे काही सुटलेली नव्हती. त्या ओरडण्याचा मला अजून त्रास होतो.

डॉक्टरांनी विचारलं

हाडांचे डॉक्टर साठीच्या पुढचे होते, आम्ही राहतो त्या हैदराबादचेच, तेलुगू बोलणारे. आमच्याशी मात्र इथल्या हिंदीत बोलले. भिंतीवर सांगाड्याचं चित्र, टेबलावर मणक्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल. मैतू ते हातात घेऊन बघत होती आणि मी तिला "ठेव ते खाली" म्हणत होते. त्या दिवशी मी कुणालाच स्वस्थ बसू देत नव्हते.

"कब से है दर्द?"

मी तयारच होते. "दो हफ्ते हुए. एक सोमवार को शुरू हुआ, नेट में."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि मैतूकडे वळले. "तुम बोलो अम्मा. कब चालू हुआ?" इथे पोरींनाही लाडाने अम्मा म्हणतात.

"परसों, अंकल."

"परसों नाही मैतू," मी मध्ये पडले, "दोन आठवडे झाले त्याला. नीट सांग."

डॉक्टर हसायला लागले. "मैडम, आप हैदराबाद के नईं हैं क्या?"

"पुण्याची."

"तबीच. मैडम, ये हैदराबाद का परसों है. पिछले हफ्ते से लेके निज़ाम साब के ज़माने तक कुछ बी हो सकता." मग हसणं थांबवून त्यांनी तिला अगदी हळू विचारलं, "परसों बोले तो कब अम्मा? दसरे के पहले की बाद में?"

मैतूने मॉडेल टेबलावर ठेवलं. "पहले. गणेश के टाइम पे."

मी बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. तीन महिने. तीन महिने ती दुखऱ्या कमरेने आठवड्यातले सहा दिवस बॉल टाकत होती. घरात येऊन जेवत होती, अभ्यास करत होती, माझ्यासमोर सोफ्यावर लोळत होती.

त्यांनी तिला डाव्या पायावर उभं केलं आणि मागे झुकायला सांगितलं. ती जेमतेम चार बोटं झुकली आणि "आई गं" म्हणाली. मला हाक मारल्यासारखं वाटून मी उठून उभी राहिले. मग एमआरआय झाला. मशीन चालवणाऱ्या बाईंनी तिला विचारलं, एक ओव्हर को कित्ता टाइम लगता? मैतू म्हणाली, चार मिनिटं. "तो आठ ओव्हर का काम है. बीच में हलना नक्को, नो बॉल होता." आत जाताना मैतू हसत गेली. त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. डाव्या बाजूला चीर. तीन महिने धावणं, उड्या, बॉल सगळं बंद, कमरेला बेल्ट. त्यानंतर व्यायाम, आणि ते जमले तर हळूहळू बोलिंग.

"फिर से फास्ट डालेगी ना?" मी विचारलं. मैतूने मान वर केली नाही, पण तिचे कान माझ्या प्रश्नाकडे होते हे मला कळत होतं.

"डालेगी. अब्बी आराम करी तो. और दुखा तो उसीच दिन बोली तो." डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले, "ये नईं जुड़ा और छुपा के डालते गई, तो फास्ट बॉल भूल जाना पड़ता अम्मा."

म्हणजे सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. दुखलं की तिने सांगायला हवं होतं. आणि नेमकं तेच तिला येत नव्हतं.

सासूबाईंचा परवा

घरी येताना रिक्षात मी बोललेच. "गणपतीपासून? आणि मला परवा म्हणालीस?"

"मग परवाच ना," ती म्हणाली. "काल नव्हतं ते, म्हणून परवा."

यातली गंमत अशी, की हा परवा मला सोळा वर्षं माहीत होता. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "परवा विवेकच्या मुंजीला हेच भांडं वापरलं होतं." नवऱ्याची मुंज! मी पुण्याला जाऊन माहेरच्यांना ही नक्कल करून दाखवायचे, सगळे पोट धरून हसायचे. विवेकच्या घरच्यांना हैदराबादेत तीन पिढ्या झाल्या. मूळ मराठवाड्याचे, पण भाषेत उर्दू, तेलुगू सगळं मुरलेलं. कालच्या आधीचं जे काही असेल ते त्यांच्याकडे परवा.

आणि मैतू मराठी शिकली ती सासूबाईंकडून. त्या विद्यानगरला राहतात, आम्ही तारनाक्याला. ती लहान असताना मी ऑफिसातून संध्याकाळी सात वाजता यायचे, तोवर ती त्यांच्याकडे. माझ्या लेकीच्या तोंडात सासूबाईंचा परवा आहे हे मला चौदा वर्षांत एकदाही सुचलं नाही. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईच्या घरात दिव्याखाली अंधार.

विवेक रेल्वेच्या ऑफिसातून आला तेव्हा मी त्याच्यावर तुटून पडले. "तुमच्या गावाला काळवेळ काही आहे की नाही?"

"आहे की," तो म्हणाला. "काल आहे, परवा आहे, उद्या आहे. अजून काय लागतं?"

एरवी मी हसले असते. तेव्हा आम्ही दोन दिवस बोललो नाही. त्याचं म्हणणं, तू तिला सहा दिवस पळवलंस. माझं म्हणणं, तू एक दिवस तरी मैदानावर आलास का? दोन्ही खरं होतं, त्यामुळे कुणीच माघार घेईना. शेवटी सासूबाईंनी फोनवर मला झापलं. "लेकरू दुखून बसलंय अन् तुमी दोघं भांडू लागलाव. आधी त्याला बघा, मग भांडा हल्लू हल्लू." हल्लू म्हणजे सावकाश. या शहराचा आवडता शब्द, आणि माझ्या डोक्यात जाणारा.

बेल्ट

बेल्ट वीतभर रुंदीचा, आत पट्ट्या, घातला की मैतू ताठ. शाळेचा शर्ट त्यावर बसेना. सुलतान बाजारात जाऊन दोन मापं मोठे चार शर्ट आणले. दुकानदार म्हणाला, बच्ची के लिए इत्ते बड़े? मी म्हटलं, हौ, वाढतेय.

पहिला आठवडा शाळेत कुतूहलाचा गेला. दुसऱ्या आठवड्यात मैत्रिणी पुन्हा मैदानावर आणि ही एकटी वर्गात. तिसऱ्या आठवड्यापासून ती चिडायला लागली. पंखा जोरात आहे, भाजी पातळ आहे, तू का माझ्याकडे बघतेस. चार वाजले की तिचे पाय आपोआप हलायला लागत, कारण ती नेटला निघायची वेळ. मला ते बघवत नसे, कारण माझेही हलत.

करण्यासारखं काही नसलं की मी तक्ते करते. फ्रिजवर तक्ता लावला: सकाळ, संध्याकाळ, दुखणं शून्य ते दहा. शिवाय मध्ये मध्ये तोंडी विचारायचे. दुखतंय का? आता? वाकताना? मेट्रोतून मेसेज करायचे. मीटिंगमध्ये टेबलाखालून मेसेज करायचे. तक्त्यात रोज दोन, दोन, दोन असे आकडे येत होते. मला बरं वाटायचं.

एका रविवारी फ्रिजमधून दूध काढताना तक्त्याकडे नीट बघितलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळीकडे दोन. येणाऱ्या सोमवारीसुद्धा. पोरीने पुढच्या आठवड्याचं दुखणं आधीच भरून ठेवलं होतं.

कुरकुर

मी तक्ता हातात घेऊन तिच्या खोलीत गेले. चिडले होते, खोटं कशाला सांगू. "हे काय आहे? तुला कळतंय का, खरं नाही सांगितलंस तर तुझीच बोलिंग जाईल. मला फसवून काय मिळणार आहे तुला?"

ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मग म्हणाली, "तू मावशीला फोनवर काय सांगतेस माझ्याबद्दल?"

"काय सांगते?"

"आमची मैतू कधी कुरकुर करत नाही. आजीला सांगतेस, सरांना सांगतेस, अपार्टमेंटमधल्या आंटीला पण सांगितलंस. टाच दुखत होती तरी अख्खी मॅच खेळली, कुरकुर नाही. ताप होता तरी गेली, कुरकुर नाही. तू माझी एवढी एकच तारीफ करतेस आई. मग मी कशी सांगणार?"

मला आठवलं, परवाच नव्हे, अगदी आदल्या दिवशी मी बहिणीला फोनवर म्हटलं होतं, "बेल्ट घालून बसलीय बिचारी, पण तोंडातून ब्र नाही."

"आणि तो परवा?" मी विचारलं. "खरंच तसं म्हणायचं होतं, की..."

"दोन्ही," ती म्हणाली. "मला माहिती होतं तू सोमवार समजशील. समजलीस तर बरं, असं वाटलं. मी खोटं पण नाही बोलले आणि सांगितलं पण."

मी स्वयंपाकघरात गेले आणि सिंकपाशी उभी राहून रडले. नळ सोडला होता, तरी तिला ऐकू गेलंच असणार, घर केवढंसं आमचं. मला लाज वाटली. मी तिला कधी "दुखलं तरी खेळ" म्हटलं नव्हतं, या गोष्टीचा मला केवढा अभिमान होता. म्हणायची गरजच पडली नव्हती. मी नुसतं कौतुक करत होते आणि ती त्या कौतुकाला जागत होती.

तुमचं मूल कुरकुर करत नसेल तर एकदा विचार करा, त्याला तसं करायची परवानगी आहे का. मी याहून शहाणं काही सांगू शकत नाही.

तक्ता फाडला. मैतू म्हणाली, "तू विचारू नकोस. मी सांगेन." मी हो म्हटलं आणि आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट कबूल करून बसले. जिभेवर प्रश्न यायचा, मी पाणी प्यायचे. त्या महिन्यात मी फार पाणी प्यायले.

किधर

सादिक सर म्हणजे तिचे कोच. बेल्ट लागून दीड महिना झाल्यावर घरी आले, हातात पेरूंची पिशवी. बसायलाही तयार नव्हते. "मैडम, मेरी बी गलती है. बच्ची ना बोलतीच नईं, तो मैं डलाते गया." मी त्यांच्यावर रागावायचं ठरवून बसले होते. पण मग आम्ही तिघांनी मिळून मागच्या सप्टेंबरातला एक आठवडा आठवून कागदावर मांडला. अकॅडमीत तिचे तीन दिवस, शाळेच्या संघात दोन दिवस, रविवारी सामना, आणि वर घरी आल्यावर अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये भिंतीवर बॉल. सरांना शाळेचे बॉल माहीत नव्हते, शाळेला अकॅडमीचे, आणि पार्किंगमधले तर मी चहा पीत गॅलरीतून बघत होते. प्रत्येकाने आपापल्या जागी बेताचंच खेळवलं होतं. बेरीज कुणी केली नव्हती. सगळीकडे हजर असणारी मी एकटीच होते, त्यामुळे ती करायची मीच होती. सरांवरचा राग तिथेच ओसरला. पेरू मात्र गोड होते.

बेल्ट सुटल्यावर फिजिओ सुरू झाली. स्वप्ना नावाची तरुण मुलगी, स्वतः कधीकाळी खो-खो खेळलेली. पहिल्या दिवशी मैतू सवयीने म्हणाली, "दो है. दस में से दो."

"नंबर नक्को रे," स्वप्ना म्हणाली. "कित्ता नक्को बोलो. किधर, वो बोलो. उँगली रखो."

मैतूने बोट ठेवलं. मग जरा सरकवलं. मग म्हणाली, "इधर खिंचता. इधर दुखता नईं, लेकिन डर लगता."

"डर बी बोलना," स्वप्ना म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. किती, कधी, कशाने असे शंभर प्रश्न मी विचारले होते. बोट ठेव, असं मला सुचलं नव्हतं.

तिथून पुढे कंटाळवाणे दिवस आले आणि मला ते निभले याचं नवल वाटलं. पाठीवर झोपून पाय उचलायचा. गुडघ्यावर रांगत उलटा हात उलटा पाय. एक पाय टेकून तोल सांभाळायचा. रोज तेच. विवेक संध्याकाळी तिच्या शेजारी चटई टाकून तेच व्यायाम करायला लागला आणि दर वेळी कलंडायचा. ती त्याला हसायची. तीन महिन्यांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं, ते त्याच्या पोटाने परत आणलं.

मार्चअखेर दुसरा स्कॅन झाला. चीर भरत आली होती. एप्रिल-मे धावण्यात गेले. जूनमध्ये बॉल हातात आला, तोही जागेवर उभं राहून, बारा बॉल, एक दिवसाआड. बारा झाले की सर बॉल खिशात घालत. तेरावा बॉल मागितला तर म्हणत, "घर जाओ अम्मा." पार्किंगच्या भिंतीवर बंदी. ती कुरकुर करायची. खरंच करायची, मोठ्याने, सगळ्या जिन्यात ऐकू जाईल अशी. मी ऐकून घ्यायचे.

निवड

ऑगस्टमध्ये पुन्हा निवडीचे सामने लागले. मैतूला चार ओव्हरची परवानगी होती. निवड झाली नाही, हे आधीच सांगते. आणि त्या दिवशी जे दुखलं ते हाड नव्हतं, कुशीतला स्नायू होता, पाच दिवसांत बरा झाला, हेही सांगून टाकते. पण मैदानाच्या कडेला बसले होते तेव्हा यातलं मला काही ठाऊक नव्हतं.

पहिल्या ओव्हरला तिने विकेट काढली. दुसरीत एकच रन. मांडवाखाली तीन निवड करणारे बसले होते, त्यातल्या एकीने चष्मा वर करून कागदावर काहीतरी लिहिलं. विवेक रजा काढून आला होता. त्याने माझं मनगट धरून ठेवलं होतं, नाहीतर मी फेऱ्या मारत बसले असते. तिसऱ्या ओव्हरचे पहिले तीन बॉल इतके सुरेख पडले की बॅट करणारी मुलगी दर वेळी मागे वळून कीपरकडे बघायची. आमच्या शेजारच्या एका मुलीचे वडील म्हणाले, "आपकी बच्ची तो पक्की है मैडम."

चौथा बॉल टाकून ती पुढे गेली आणि थांबली. हात कमरेच्या डाव्या बाजूला. ती तशीच उभी होती, मान खाली, आणि मला तिचं मन वाचता येत होतं, कारण तेच माझ्याही मनात होतं. दोन बॉल. दोनच तर राहिलेत. मांडवाखालचे बघतायत. टाक आणि मग सांग. हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी काही थोर आई वगैरे नाही, ते खरोखरच आले होते.

तिने मान वर केली. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात वर करून कॅप्टनला बोलावलं, कमरेवर बोट ठेवून तिला काहीतरी सांगितलं, बॉल तिच्या हातात दिला आणि मैदानाबाहेर चालायला लागली. सरळ, सावकाश.

"अरे, दो बॉल तो डाल देती!" ते शेजारचे गृहस्थ कळवळून म्हणाले. मांडवाखालच्या बाईंनी चष्मा खाली केला. पोरी गोंधळून एकमेकींकडे बघत होत्या. सगळं मैदान गप्प झालं होतं आणि त्यात कुणीतरी एकटंच जोरजोरात टाळ्या वाजवत होतं. लोक वळून बघायला लागले, तेव्हा मला कळलं की ती मीच आहे.